उपासाला चालणाऱ्या गोळ्या

१० जुलै, गुरुपौर्णिमा

आले बाई एकदाची लालबागला! पेणहून दोन बॅगा, एक उशी आणि आईने बळेबळे कोंबलेले पोह्याचे पापड घेऊन मालनमावशींच्या चाळीत डेरेदाखल झाले. दुसरा मजला, टोकाची खोली, मधोमध फुलाफुलांचा पडदा. अलीकडे मी भाडेकरू, पलीकडे मावशी आणि त्यांची उर्वी. ऑफिस लोअर परळला, आर्किटेक्टकडे ड्रॉइंग काढायची नोकरी, चालत जाता येतं. आणखी काय पाहिजे माणसाला!

मावशी खाली मिरचीगल्लीत मसाल्याच्या दुकानात कामाला आहेत. दारातून आधी तिखट शिरतं, मागून मावशी. पहिल्या तासाभरात मी एवढ्या शिंका दिल्या की उर्वी हसून हसून लोळली, आणि मग सर्दीची गोळी घेऊन आली. म्हणाली, इथे नवीन माणसाला थोडे दिवस रोज लागते ही, मग नाक मरतं. घेतली, आणि खरंच बरं वाटलं.

उर्वी सतरा वर्षांची, काडीपैलवान, तोंडाचा पट्टा अखंड सुरू. वडील नाहीत. मावशींचा सगळा जीव या एका पोरीत.

संध्याकाळी तिने मला पटांगणात ओढत नेलं. गोविंदाचा सराव आजपासून सुरू, आणि पथक चक्क मुलींचं! शाळेत मल्लखांब करायचे, हे मी बोलून गेले आणि फसले. पथक सांभाळणाऱ्या सुमेधाताई एका शाळेत पीटी शिकवतात. पन्नाशी उलटलीय, पण पाठ अशी ताठ की आपणच वाकडे वाटावं. त्यांनी माझे खांदे आंबे बघतात तसे दाबून बघितले आणि मला न विचारताच सांगून टाकलं, तू वरून दुसरी, तुझ्या खांद्यावर उर्वी. झालं, आल्या दिवशी मी गोविंदा!

१५ जुलै

सहा थर लावायचे आहेत. खाली मुलींचं मोठं कडं, मग कमी कमी होत वरचे तीन थर एकेकटीचे. अनुजाच्या खांद्यावर मी, माझ्या खांद्यावर उर्वी. वर बघायचं नाही, हनुवटी छातीला लावून उभं राहायचं. उर्वीची पावलं मानेच्या दोन्ही बाजूंना येतात, आणि ती वरून हळूच म्हणते, मनवाताई, आहेस ना गं? मी म्हणते, नाही, घरी गेले. मग दोघी खिदळतो आणि सुमेधाताई खालून शिव्या घालतात.

घरी आले तर मावशी दारातच बसलेल्या. हात धरून म्हणाल्या, माझ्या चेडवाक सांभाळ गो बाय, माका दुसरा कोण नाय. उर्वीला सांभाळीन, असा मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला. आता रात्री अंग असं ठणकतंय की कूस बदलता येत नाही. अंगदुखीची गोळी घेतली. शिंकांसाठी ती दुसरी घेतली होतीच.

१९ जुलै

आज थर कोसळला. कुणाचा पाय घसरला कळलंच नाही, एकदम सगळ्या खाली. माझा गुडघा अनुजाच्या तोंडावर आपटला. उठून बघते तर गुडघ्यात काहीतरी पांढरं रुतलेलं. ओढून काढलं. अनुजाचा दात!

मला भोवळ यायची बाकी होती, आणि अनुजाने काय करावं? तोंडातलं रक्त थुंकून हसत सुटली. दात माझ्याकडून परत घेतला, ओढणीच्या टोकाला बांधला. आईशप्पथ, काय बाई आहे! तिचं लग्न डिसेंबरात आहे, फोटोत तोंड मिटून हसणार म्हणाली.

मग सुमेधाताईंनी डबा उघडला. मसाल्याचा गोल स्टीलचा डबा, आत सात वाट्या. हळद, मोहरीच्या जागी गोळ्या. पाकिटातून सोडवून, रंगाप्रमाणे लावलेल्या. पाकिटं जागा खातात आणि कुरकुर वाजतात म्हणून फेकून देतात म्हणे. पांढरी खांद्याची, गुलाबी गुडघ्याची, पिवळी पाळीची, नारिंगी तापाची. नाव कुठल्याच गोळीचं कुणाला ठाऊक नाही, आणि विचारायचीही पद्धत नाही. सगळ्या मुलींनी रांग लावून हात पुढे केले, प्रसाद घेतात तसे. मला एक पांढरी, एक गुलाबी मिळाली. उर्वीला गोळी गिळताच येत नाही, घशात अडकते. तिने ती माझ्या हातात सरकवली, मी तीही घेतली. फुकट कशाला घालवायची?

२५ जुलै, श्रावण लागला

गोपाळकाल्यापर्यंत पथक एकभुक्त. दुपारी एकदाच जेवायचं, आणि सोमवार-शनिवार तर फक्त पाणी. अंग हलकं राहतं आणि देवाचंही होतं, असं सुमेधाताईंचं म्हणणं. उर्वीला मावशींनी उपास करू दिला नाही. बाकी सगळ्या करतोय.

मी विचारलं, रिकाम्या पोटी गोळ्या चालतील का? तर त्या म्हणाल्या, उपासाला गोळी चालते, त्यात ना धान्य, ना मीठ. सगळ्या फिदीफिदी हसल्या, मीही हसले. खरं सांगायचं तर भूक लागतच नाही. गोळी आणि लिंबूपाणी, पोट गप्प.

३० जुलै

सुमेधाताईंनी आजपासून वेत आणलाय. गोळ्या वाटून झाल्या की थोडं थांबतात, मग उभं करून खांद्यांवर ठोकतात. हललीस की पुन्हा. त्या म्हणतात, हंडीखाली गर्दी ढकलणार, पाण्याचे फवारे तोंडावर येणार, तेव्हा काय आई गं करत बसणार? पहिला फटका बसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पाचव्याला आलं नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला, काय सांगू!

आता मुलींनी खेळच काढलाय. जिला दुखलं ती हरली. चिमटे, गुद्दे, केसाची पिन दंडात टोचायची. आज मी अनुजाच्या दंडात पिन मुडपेपर्यंत खुपसली आणि ती गाणं गुणगुणत राहिली. उर्वी मात्र उठून गेली. वाटेत म्हणाली, मनवाताई, हा खेळ नाही. इवलीशी पोर आणि मला शिकवते!

२ ऑगस्ट

लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

सहावा थर आज पहिल्यांदा लागला. उर्वी वर सरळ उभी राहिली, खाली टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात माझ्या डाव्या टाचेखाली कट्कन झालं. मला ऐकू आलं त्याआधी टाचेत कळलं. अनुजाचं गळ्याजवळचं हाड माझ्या पायाखाली मोडलं. पाय थोडा आत गेला. अनुजा हलली नाही. उर्वी उतरेपर्यंत, मी उतरेपर्यंत ती तशीच उभी होती.

खाली आल्यावर तिने विचारलं, सगळ्या अशा का बघताय? हाडाचं टोक कातडी उचलून वर आलं होतं. तिने बोटाने आत दाबलं. पुन्हा वर आलं. तेव्हा कुठे तिने किंकाळी फोडली, तीही दुखतंय म्हणून नाही, घाबरून.

सुमेधाताईंनी दोन पांढऱ्या, एक पिवळी तिच्या तोंडात कोंबली. तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. मग रांग लावून आम्हाला गोळ्या वाटल्या आणि दुसरी मुलगी अनुजाच्या जागी उभी केली.

५ ऑगस्ट

अंघोळ करताना मावशींच्या आरशात पाठ दिसली. दोन्ही खांद्यांवर उर्वीची पावलं उमटली आहेत. निळीजांभळी, बोटांसकट. करंगळीसुद्धा मोजता येते. मुलींना दाखवलं तर सगळ्यांनी फोटो काढले, म्हणाल्या, देवाचीच पावलं गं. उर्वीने फोटो काढला नाही. हात लावून बघितला आणि तिच्या बोटांचे ठसेही तिथे उठले. संध्याकाळपर्यंत तेही निळे झाले.

मळमळतं. उजव्या बरगडीखाली जड दुखतं. त्यासाठी नारिंगी घेतली.

८ ऑगस्ट

उर्वी आगाऊ आहे. माझ्या फोनवरून तिने हेरंबदादाला फोन लावला. दादा पेणच्या हॉस्पिटलात डॉक्टर, माझा सख्खा मोठा भाऊ. मला ओरडायला त्याला निमित्तच लागतं.

त्याने गोळ्यांची नावं विचारली. मी म्हटलं, पांढरी, गुलाबी, पिवळी, नारिंगी आणि सर्दीची. तो म्हणाला, रंग नको सांगूस, पाकीट वाच. पाकीटच नाही म्हटल्यावर असा ओरडला की पडद्यापलीकडे मावशींना ऐकू गेलं. म्हणे, अगं बये, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, तापाच्या गोळीत तेच, पाळीच्या आणि सांधेदुखीच्या कित्येक गोळ्यांत तेच मिसळलेलं असतं. रंग वेगळे, आत औषध एकच. तू दिवसभर एकाच औषधावर औषध घेतेयस. धडधाकट, जेवणाऱ्या माणसालाही दिवसाला मर्यादा असते, आणि तू उपाशी! लिव्हर जाईल. बाकीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट आतून सोलून निघेल.

लघवीचा रंग विचारला. मी सांगितला, काळ्या चहासारखा. दादा रडायला लागला. माझा दादा! म्हणाला, आत्ता उठ, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, आत्ताच्या आत्ता, यावर औषध आहे, पण ते वेळेत द्यावं लागतं.

जाते म्हटलं.

९ ऑगस्ट

गेले नाही.

सुमेधाताईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या जागी जिला उभी करणार तिला बोलावलं. तिला वर चढवलं, तिच्यावर उर्वीला. पाय लटलट कापत होते तिचे. उर्वी दोनदा घसरली. दुसऱ्यांदा डोकं फरशीपासून वीतभर राहिलं, मीच झेललं. गॅलरीतून मावशी बघत होत्या.

आठवड्याचा तर प्रश्न आहे. या पोरीला दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर चढवायची माझी हिंमत नाही. काला झाला की त्याच संध्याकाळी हॉस्पिटल. दादाला खोटंच सांगितलं की रक्त तपासायला दिलंय.

गोळ्या बंद करणार होते. पण बंद केल्या की खांदे पेटतात. उभं राहायचं कसं?

११ ऑगस्ट

डोळे पिवळे. ऑफिसात म्हणाले, लग्न ठरलं की काय, हळद लागलीय. साहेबांनी घरी पाठवलं. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं आणि थांबत नाही, बेसिन लाल. अंगभर खाज. खाजवलं की तिथेच निळं.

एक विचित्र होतंय. सराव संपला, उर्वी उतरली, समोर वडापाव खात बसली. आणि माझ्या खांद्यांवर वजन तसंच होतं. पावलं, अगदी बोटांसकट. मी हनुवटी छातीला लावूनच घरी आले.

१२ ऑगस्ट

अजून उतरली नाही.

दिवसा झोप येते, रात्री टक्क जागी. हात पुढे धरला की पंजा आपोआप फडफडतो. अक्षर बघा कसं येतंय. मावशींना विचारलं, माझ्या खांद्यावर कोण आहे? त्या देवापुढे जाऊन बसल्या.

१३ ऑगस्ट

मावशींच्या कपाळाला टाके पडलेत. मला विचारतात, आठवत नाही काय गो?

नाही आठवत. वरवंटा माझ्या हातात होता असं म्हणतात. मी खांद्यावरच्या पायांवर मारत होते, मावशी अडवायला आल्या. माझ्याही डाव्या खांद्याचं हाड सुजलंय. दुखत नाही. काहीच दुखत नाही.

मी असं कसं केलं? मावशींवर? मला माझ्याच हातांची भीती वाटते. ते पदराखाली — नाही, पदर कुठला, ओढणीखाली लपवून बसलेय.

उर्वी म्हणते, मला हंडी नको, चल हॉस्पिटलात. सुमेधाताई आल्या, म्हणाल्या, कावीळ आहे, उतरेल, तीन दिवसांवर आलंय सगळं, आता पोरकटपणा नको. दोन पांढऱ्या दिल्या. घेतल्या.

१५ ऑगस्ट

नाकातून रक्त. उशी बदलली, पुन्हा.

शब्द सापडत नाहीत. त्याला काय म्हणतात, ज्यातून पाणी पितात — ते. फोडलं मी ते.

तिला म्हटलं, उतर. ती म्हणते, मनवाताई, मी इथे आहे, तुझ्या समोर. समोर उर्वी. वर पण —

दादाला उर्वीने खरं सांगितलं. तो पेणहून निघतोय उद्या पहाटे. नको येऊ. आला की मला काढेल. मग पोर पडेल.

१६ ऑगस्ट, काला

चिंचपोकळीला पहिली सलामी दिली. सहा थर! माझं मलाच माहीत नाही कशी उभी राहिले. पाणी मारत होते, ढोल पोटात वाजत होता. उर्वी वर गेली, हात जोडले, खाली आली. नीट. एक ओरखडा नाही. पोर सुखरूप. मावशी, बघा, शब्द पाळला!

सुमेधाताईंनी मानाचा नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

ट्रकमध्ये बसलेय. हलतंय सगळं.

ट्रक

उर्वी ड्रायव्हरला सांगते, हॉस्पिटलकडे घ्या, आत्ता. सुमेधाताईंशी भांडतेय. पहिल्यांदाच कुणी त्यांच्याशी. म्हणते, गेली तुमची दादरची हंडी खड्ड्यात, ही मरतेय.

दादा पण तिकडेच येतोय म्हणाली.

मी पडू नये म्हणून मागे येऊन बसलीय. माझे खांदे धरलेत तिने. दोन्ही. घट्ट.

खांदे —

नको. पावलं दाबतायत. उतर. उतर म्हणते ना —

नंतर

नारळ फुटला. एका फटक्यात नाही, तीन चार लागले. खांद्याच्या मागे मारला, तिथेच ती होती.

पाणी तोंडावर उडालं. कोमट. खारट कसं? नारळाचं पाणी खारट नसतं.

वजन गेलं. आईशप्पथ गेलं! किती हलकं —

सगळ्या ओरडतायत. ट्रक थांबवलाय. सुमेधाताई माझा हात पिरगळतायत, दुखत नाही हो, कशाला.

उर्वी मागे आडवी झालीय, माझ्या पाठीला टेकून. दमली बिचारी. केस सगळे ओले. मी सांगतेय यांना, हलवू नका तिला, झोपू द्या थोडं, अजून दादरची हंडी आहे, तिला परत माझ्यावर च